अर्धी मोटार

चौक हा शब्द मुळात किती ऐसपैस! जुन्या वाड्यात चौक असे. दुपारी तिथे वाळवणे पडत, संध्याकाळी मुले खेळत. गावातला चौक म्हणजे चार वाटांनी यावे आणि घटकाभर टेकावे अशी जागा. आमच्या घराजवळच्या चौकात चार वाटांनी येतात हे खरे. पण टेकायचे सोडाच, दिवा हिरवा झाल्यावर एक श्वास जास्त घेतला तरी पाठीमागून असे हॉर्न वाजतात, की आपण कुणाच्या तरी लग्नाच्या वरातीपुढे आडवे पडलो आहोत असे वाटावे.

हा चौक पुण्याच्या नगर रस्त्यावर, येरवडा ते विमाननगर या टप्प्यात येतो. (नगरचे आता अहिल्यानगर झाले, रस्ता मात्र लोकांच्या तोंडी नगर रस्ताच राहिला आहे.) चौकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. एक तर काकांचे दुकान तिथे आहे आणि मला दिवाळीत त्यांच्याकडे जायचे आहे. दुसरे असे, की या रस्त्यावरचा कुठलाही चौक घेतला तरी भांडण हेच निघेल.

भांडण कशाचे, ते सांगते. पुण्यात बससाठी वेगळा मार्ग राखून ठेवण्याचा, म्हणजे बीआरटीचा, पहिला प्रयोग डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या रस्त्यावर झाला. नगर रस्त्यावर तो २०१६ साली आला. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. रस्त्याच्या मधोमध लांबट काचेचे थांबे उभे राहिले. चौथरा बसच्या पायरीइतका उंच, आणि बस आली की थांब्याचे दार आपोआप सरकायचे. शिवाय बसचे दार उजवीकडून उघडायचे! डावीकडून चढायची सवय असलेल्या आम्हा मुलांना ही मोठीच मौज वाटे. आईला मौज वाटत नव्हती. शनिवार पेठेतल्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात ती वह्या शिवते. तिथे दहा मिनिटे उशीर झाला तर अर्ध्या दिवसाची मजुरी कापतात. पण बस आपल्या वेगळ्या वाटेने, शेजारी अडकलेल्या मोटारींना मागे टाकून पुढे जाते, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखले. त्या वाटेला ती ‘आमचा पट्टा’ म्हणू लागली. आयुष्यात रस्त्याचा एखादा तुकडा आपला म्हणण्याची वेळ तिच्यावर प्रथमच आली असावी.

काकांचे दुकान चौकाच्या कोपऱ्यावर. खिळे, कुलपे, रंगाचे डबे, नळाच्या तोट्या. त्यांचेही म्हणणे कानाआड करण्यासारखे नव्हते. “वहिनी, रस्ता वाढला नाही, नुसता वाटला गेला,” ते म्हणत. “गिऱ्हाइकाला गाडी उभी करायला जागा नाही. उजवीकडे वळायचं तर तीन वेळा दिवा बदलावा लागतो. आणि मधला पट्टा बघा, मोकळाच्या मोकळा!”

“मोकळा दिसतो भावजी,” आई म्हणायची, “कारण बस तिथं थांबून राहत नाही. अडकलेली वाहनं दिसतात, निघून गेलेली दिसत नाहीत.”

आई सातवी शिकलेली आहे. वाहतुकीवरची पुढे मी बरीच जाड पुस्तके चाळली. इतक्या थोडक्यात ही गोष्ट मला कुठे सापडली नाही.

पण काकांच्या त्या ‘तीन वेळा दिवा बदलण्या’त तथ्य होते, आणि ते समजून घेतल्याशिवाय चौकाचे भांडण समजत नाही. सरळ रस्त्यावर बसचा पट्टा वेगळा काढणे सोपे. दोन कठडे घातले की झाले. खरी कसोटी चौकात. बस मधून सरळ जाणार. आणि उजवीकडे वळणारी मोटार असते बसच्या डावीकडे. म्हणजे दोघांना एकाच वेळी सोडले तर मोटार बसच्या वाटेत आडवी येणार. म्हणून उजव्या वळणासाठी निराळी पाळी द्यावी लागते. अशी एकेक पाळी वाढली, की मधली पिवळ्या दिव्याची काही सेकंदे दर वेळी फुकट जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थांबणे जास्त येते. त्यात पायी चालणाऱ्यांची पाळी. थांबा रस्त्याच्या मधोमध, तेव्हा बसने जाणाऱ्या प्रत्येकाला अर्धा रस्ता ओलांडणे भागच. पुस्तकात चालणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला साधारण १.२ मीटर धरतात. म्हणजे बारा मीटर ओलांडायला दहा सेकंद. पुस्तकातल्या या माणसाच्या हातात पिशवी नसते, कडेवर मूल नसते आणि त्याचे गुडघे दुखत नसतात.

आणि सायकल? सायकलवाला डाव्या कडेने सरळ जात असतो आणि त्याच्या उजव्या अंगाने आलेली मोटार त्याच्या पुढ्यातून डावीकडे वळते. चौकात सायकलस्वाराला खरे भय याचेच. बस मधून जाते तोवर निदान बसचे तरी भय नसते, कारण तिला थांब्यासाठी कडेला यावे लागत नाही. बसचा पट्टा हा न कळत सायकलवाल्याचाही मित्र असतो. ही गोष्ट मला तो पट्टा गेल्यावर उमगली. त्या वेळी नगर रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी म्हणून जी वाट आखली होती, ती फरसबंदीवरून जाई, मध्येच विजेच्या पेटीला नमस्कार करी, पुढे उसाच्या रसाच्या गाड्यापाशी विसावा घेई आणि चौकाच्या अलीकडे कुणाचाही निरोप न घेता नाहीशी होई. जिथे तिची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती नसे.

एकेकाळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, हे आपल्यापैकी प्रत्येकाने निदान एका वक्तृत्व स्पर्धेत ऐकलेले आहे. तासावर सायकल भाड्याने मिळे, कॉलेजांच्या आवारात सायकलींचीच रांग असे, असे आपले जुने प्राध्यापक सांगतात. आता आपल्या कॉलेजच्या आवारातली रांग कशाची आहे ते मी सांगायला नको. महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सायकलींचा एक मोठा आराखडाही मंजूर केला. आराखडा सुंदर आहे. त्यातली चित्रे पाहून परगावी राहायला जावेसे वाटते.

मी सायकलने कॉलेजला येते. हे पर्यावरणावरील प्रेमामुळे नव्हे. सायकल घरात होती म्हणून. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी सरांनी मला सांगितले, “तुमच्या चौकातच उभी राहा आणि मोज.” मी वही आखली. मोजायचे कसे हे पाहावे म्हणून ग्रंथालयात शोधाशोध केली, आणि तिथे मला माझी किंमत कळली.

इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ साली स्थापन झालेली संस्था आपल्या देशातल्या रस्त्यांचे दंडक ठरवते. निरनिराळी वाहने एकाच मापात मोजता यावीत म्हणून तिने एक कोष्टक दिले आहे. त्यात मोटार म्हणजे एक. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या १९९० च्या कोष्टकात बस म्हणजे तीन मोटारी, सायकल म्हणजे अर्धी मोटार, आणि मोठी बैलगाडी म्हणजे तब्बल आठ मोटारी! शहरातल्या रस्त्यांचे आकडे थोडे निराळे. पण सायकल तिथेही अर्ध्याच्या वर जात नाही. मी ग्रंथालयात एकटीच हसले. रोज सकाळी घरातून निघते ती मी अर्धी मोटार. आणि मला चौकात दाबत जाणारे गृहस्थ पूर्ण एक.

या कोष्टकावर रागावण्यात अर्थ नाही. कोणते वाहन किती रस्ता अडवते, एवढेच ते सांगते. माणसांची योग्यता ठरवायला ते केलेलेच नाही. घोटाळा होतो तो ते सभेत आणले की. बस तीन मोटारींइतका रस्ता घेते हे त्यात आहे. तिच्यात पन्नास-साठ माणसे उभी-बसलेली असतात आणि मोटारीत बहुधा एक किंवा दोन, हे त्यात नाही. म्हणून चौकातून ‘किती वाहतूक गेली’ याचे उत्तर एक येते, आणि ‘किती माणसे गेली’ याचे अगदीच निराळे. माझ्या वहीत मी एक रकाना माणसांचा आखला. रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी आणखी एक. मोजता मोजता तो दुसरा रकाना इतक्या लवकर भरू लागला, की मला मागच्या पानावर जावे लागले.

पट्टा काढण्याची मागणी जोर धरू लागली तेव्हा आमच्या भागात एक सभा झाली. सोसायटीच्या सभागृहात, संध्याकाळी सात वाजता. दोन्ही बाजू तयारीने आल्या होत्या. पट्टा हवा म्हणणाऱ्यांत एक गृहस्थ सायकलीचे मोठे भक्त. रविवारी पहाटे ते मोटारीच्या मागे सायकल बांधून लांबच्या घाटात जातात आणि तिथे सायकल चालवतात. त्यांनी परदेशातल्या रस्त्यांची चित्रे दाखवली. पट्टा नको म्हणणाऱ्यांत एका बाईंनी विचारले, “अडकलेल्या रुग्णवाहिकेचं काय?” प्रश्न खरा होता, टाळ्याही खूप पडल्या. रुग्णवाहिकेला बसच्या पट्ट्यातून सोडता येते, हे उत्तर टाळ्यांत बुडाले. काकाही बोलले. ते चांगले बोलतात.

सभागृहात मी नजर फिरवली. आईसारखी बसने येणारी-जाणारी माणसे शोधत होते. ती दिसेनात. मग लक्षात आले, की संध्याकाळचे सात वाजले आहेत. ती सगळी बसमध्ये आहेत.

सभेत सर्वांत जास्त चर्चा झाली ती आमच्या शेजारच्या आजोबांच्या पायाची. आजोबा मधल्या थांब्याकडे जाताना पडले होते. मोटारींची बाजू त्यांनी नीट ओलांडली. शेवटचे पाऊल बसच्या पट्ट्यात टाकले, आणि त्या पट्ट्यातून, जिथे बसखेरीज कुणी असायला नको तिथून, एक दुचाकी भरधाव आली. मांडीचे हाड मोडले. दोन महिने अंथरूण, मग चौपायी काठी.

आता या एका पायाचे दोन पुरावे झाले. काकांची बाजू म्हणे: थांबा मधोमध नसता तर आजोबांना रस्ता ओलांडावाच लागला नसता. आईची बाजू म्हणे: पट्टा खरोखर राखला असता, त्यात दुचाक्या शिरू दिल्या नसत्या, तर त्यांना कुणी धडकलेच नसते. दोन्ही वाक्ये खरी आहेत. मी तरी त्यांतले एकही खोडून काढू शकत नाही. फक्त पहिल्या वाक्यात एक गाळलेली जागा आहे: थांबा कडेला नेला तरी, जाताना नाही तर येताना, अख्खा रस्ता ओलांडावा लागतोच, आणि तोही एका दमात, कारण मध्ये उभे राहायला थांब्याचा चौथराही उरत नाही.

आजोबांना कुणी विचारले नव्हते म्हणून मी विचारले. ते म्हणाले, “पोरी, मला थांबा कुठं आहे ते एकदा नक्की सांगा. मी तिथं उभा राहतो. दर सहा महिन्यांनी हलवू नका म्हणजे झालं.”

हा वाद एकट्या पुण्याचा नाही. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा सुमारे पावणेसहा किलोमीटरचा बसमार्ग २००८ साली सुरू झाला. मधून बस, कडेने सायकलींची वेगळी वाट. वाटेतला चिराग दिल्ली चौक म्हणजे तिथल्या वर्तमानपत्रांचे नित्याचे खाद्य होते. दिव्याची एक फेरी संपेपर्यंत मोटारवाले अक्षरशः हैराण होत. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने बसमार्गाविरुद्धची याचिका फेटाळली. तरीही पुढे सरकारनेच तो मार्ग मोडायचे ठरवले आणि २०१६ मध्ये तो मोडला गेला. अहमदाबादचा मार्ग २००९ साली सुरू झाला. तो चालू राहिला. तेव्हा कल्पना चांगली की वाईट, एवढ्यावर हे ठरत नाही. ती राबवणारे सातत्याने तिच्या पाठीशी उभे राहतात का, पट्ट्याच्या तोंडाशी शिट्टी घेतलेला माणूस रोज असतो का, बस दर पाच मिनिटांनी येते की पंचवीस, यावर ठरते. नगर रस्त्यावरच्या पट्ट्याला विरोधकांनी मारले असे मी म्हणणार नाही. तो आधीच अर्धमेला झाला होता. थांब्याची सरकती दारे कधीच बिघडली होती. काही उघडी राहिली, काही मिटलेली. मेट्रोच्या कामात येरवड्याकडचा भाग विस्कळीत झाला होता. अर्धवट केलेल्या गोष्टीवर अपयशाचा शिक्का मारणे फार सोपे असते.

२०२३-२४ मध्ये आमच्या टप्प्यातला पट्टा काढला. काम रात्रीचे चाले. सकाळी उठून पाहावे तो कठड्याचा एकेक तुकडा कमी झालेला. आमच्या चौकातला काचेचा थांबा गेला त्या सकाळी तिथे डांबरावर फिकट चौकोन तेवढा उरला होता. काकांनी पेढे वगैरे वाटले नाहीत; पण त्या दिवशी चहाला दोनदा बोलावले.

पुढे काय झाले? पहिले काही दिवस मोटारी सुळसुळीत गेल्या. काकांच्या दुकानापुढे गाड्या उभ्या राहू लागल्या. मग एक लेन मोकळी झाली म्हणून आणखी गाड्या आल्या, आणि दुकानापुढे उभ्या राहिलेल्यांनी दुसरी लेन अडवली. तिसऱ्या बाजूने रिक्षा. बसला आता कडेच्या थांब्यावर यायचे असते. कडेला जागा नसते. म्हणून ती रस्त्याच्या मध्येच थांबते आणि माणसे दोन रिक्षांच्या फटीतून धावत जाऊन तिला पकडतात. मी सायकलवर त्याच कडेला. बस डावीकडे दाबते, मी गटाराच्या झाकणावर जाते. बसचा ड्रायव्हर माझ्यावर ओरडतो. मी त्याच्यावर ओरडते. त्याला वेळ गाठायची असते आणि मला पहिला तास. पूर्वी आमची गाठच पडत नसे. आता रस्त्यावरची सर्वांत कमी पैशांत जाणारी दोन वाहने उरलेल्या दोन हात कडेसाठी रोज सकाळी भांडतात, आणि बाकीचा सगळा रस्ता त्या भांडणाकडे काचा लावून बघतो.

आईची बस आता मोटारींबरोबर अडकते. ती घरातून अर्धा तास आधी निघते. तो अर्धा तास कुणाच्याही कोष्टकात नाही. तो आमच्या पोळ्यांतून गेला. पोळ्या आता मी करते.

“मग मेट्रोने जा ना वहिनी,” काका म्हणतात. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली आणि थेट महापालिकेपर्यंत जाते, हे खरेच. गाडी थंडगार, वेळेवर. आई दोनदा गेली, तिला आवडलीही. पण रामवाडीचे स्थानक आमच्या चौकापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर, त्यात रस्ता ओलांडणे आलेच. शिवाय आईच्या कारखान्यातल्या बाकीच्या बायका वाघोलीहून येतात. तिथवर मेट्रो न्यायला केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. म्हणजे या रस्त्यावर पुन्हा खांब येणार, पुन्हा पत्रे लागणार, चौक पुन्हा नव्याने आखला जाणार. मला यात एक संधी दिसते. आजोबांना थांबा पुन्हा हलण्याची भीती.

म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही एक अर्ज लिहिला. मोठ्या मागण्या टाळल्या. बसच्या थांब्यापुढची वीस पावले जागा गाड्या आणि रिक्षांना बंद असावी. रस्ता ओलांडायचा दिवा आजोबांच्या चालीने पुरेल इतका वेळ हिरवा राहावा. सायकलींची वाट चौकाच्या अलीकडे न सोडता पलीकडेपर्यंत पांढऱ्या पट्ट्यांनी नेावी आणि डावीकडे वळणाऱ्यांना तिच्यापाशी थांबावे लागावे. आणि नवा आराखडा करताना माणसे मोजावीत, नुसती वाहने नव्हेत. मोजायला आमच्या वर्गातली मुले येतील.

सह्या गोळा करायला मी सकाळी साडेसातला थांब्यावर उभी राहिले. सभेला न आलेली सगळी माणसे तिथे होती. बस येईपर्यंत सह्या होत. बस आली की अर्ज हवेत आणि पेन त्यांच्याबरोबर गाडीत. तीन पेने गेली. आजोबांनी चौपायी काठी सांभाळत, पूर्ण नाव लिहून सही केली. सायकलभक्त गृहस्थांनीही केली, आणि एका रविवारी ते घाटाऐवजी आमच्याबरोबर चौकात पट्टी घेऊन रुंदी मोजायला आले.

काकांच्या दुकानात मी सर्वांत शेवटी गेले. त्यांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला. पहिल्या मागणीपाशी बोट ठेवले. ती वीस पावले त्यांच्या पायरीपासूनच सुरू होतात. बराच वेळ काही बोलले नाहीत. दुकानात एक बाई नळाची तोटी घ्यायला आल्या होत्या. त्यांना तोटी दिली, सुटे पैसे दिले. “कशानं आलात?” काकांनी त्यांना विचारले. “बसनं,” बाई म्हणाल्या.

काकांनी सही केली. सहीखाली मात्र स्वतःच्या हस्ताक्षरात एक ओळ वाढवली: ‘दुकानदारांच्या पार्किंगचाही विचार व्हावा.’ मी ती खोडली नाही. अर्ज तसाच दिला आहे.